७४ लिहू की ४१?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत प्रकल्प समन्वयक असलेल्या २९ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते. त्यांच्या संस्थेला एका कंपनीच्या सीएसआर फंडातून (कंपनीने समाजकामासाठी खर्च करायचा पैसा) वर्षभराचं अनुदान मिळालं, काम धडगाव भागातल्या २२ पाड्यांवर, ६ महिने ते ५ वर्षांच्या कुपोषित मुलांसाठी. ऑगस्टमधे दंडाला टेप लावून मोजलं तेव्हा २१० मुलं लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात निघाली. करारात टार्गेट आहे की ७० टक्के मुलं हिरव्यात आणायची. फेब्रुवारीत परत मोजायला गेले तर ११८च मुलं भेटली, त्यातली ८७ हिरव्यात. बाकीची ९२ 'बहुतेक ऊसतोडीला गेलीत'. संस्थेचे सर म्हणतात ११८ पैकी ८७ म्हणजे ७४ टक्के, टार्गेट पूर्ण, तसंच लिही, मार्चअखेर रिपोर्ट द्यायचाय आणि पुढचं फंडिंग त्यावरच आहे. पत्र लिहिणाऱ्यांचं म्हणणं, २१० पैकी ८७ म्हणजे ४१ टक्केच होतात, ७४ लिहिणं खोटं वाटतं, पण ४१ लिहिलं तर प्रोजेक्ट बंद आणि सहा जणांच्या नोकऱ्या जाणार. 'आम्ही वर्षभर जीव तोडून काम केलं, आया आता स्वतःहून पोराला दवाखान्यात नेतात, पण त्याला रिपोर्टमधे कॉलमच नाही. ताई, खरं लिहू की नोकरी वाचवू?'

भाऊ, तुम्ही सगळे आकडे नीट दिलेत पण मी अडकले ते 'बहुतेक' या शब्दावर. ९२ पोरं बहुतेक तोडीला गेलीत म्हणजे नेमकी किती, ८५ की ५०? आणि उरलेली कुठे आहेत? माझी आजी असती तर तिने टक्केवारी बाजूला ठेवून एवढंच विचारलं असतं, 'पोरे कोठे गयात?' एखादं मामाच्या गावी असेल, एखादं ५ वर्षांचं होऊन तुमच्या यादीतूनच बाहेर पडलं असेल, एखादं पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे अतिकुपोषित पोरांना ठेवून घेऊन उपचार करतात तिथे, भरती असेल. आणि राग मानू नका पण हे विचारावंच लागेल, त्या ९२ मधली सगळी जिवंत आहेत हे तुम्हाला माहितीये का? दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की टेपवर लाल येतं, तिथून १२.५ पर्यंत पिवळं आणि १२.५ पासून पुढे हिरवं, आणि लालमधल्या पोराचा साध्या जुलाबात किंवा न्युमोनियात जीव जायचा धोका धडधाकट पोरापेक्षा कितीतरी जास्त असतो. रिपोर्टचं नंतर बघू, आधी या ९२ नावांसमोर एकेक शब्द लिहा, तोडीला, मामाकडे, वय झालं, भरती, मयत, पत्ता नाही. आजच बसा, अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला फोन लावा, अर्ध्यांची माहिती तर त्यांच्याकडेच असते.

आता टक्क्यांचं. तुम्ही धरून चाललात की ७४ खोटं आणि ४१ खरं, मला तसं वाटत नाही. ४१ लिहिलं तर त्याचा अर्थ होतो की न भेटलेल्या ९२ पैकी एकही पोर सुधारलं नाही, आणि ७४ लिहिलं तर अर्थ होतो की ती ९२ पण भेटलेल्या ११८ सारखीच सुधारली. दोन्ही कोणी बघितलेलं नाही. समजा सगळीच्या सगळी ९२ सुधारली असती तर ८७ आणि ९२ मिळून १७९, २१० पैकी १७९ म्हणजे ८५ टक्के. म्हणजे आज खात्रीने एवढंच म्हणता येतं की उत्तर ४१ आणि ८५ च्या मधे कुठेतरी आहे. फार मोठी फट आहे ही, आणि सर मुद्दाम खोटं बोलतायत असं मी लगेच म्हणणार नाही, त्यांनाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.

पण अंदाजच करायचा तर मी ७४ च्या खाली करेन आणि त्याला कारण आहे. जी घरं कोयता घेऊन बारडोली-सुरतकडे जातात ती मुळात कमी वावर असलेली, मुकादमाची उचल घेतलेली घरं असतात. तिथे पडावावर ताडपत्रीच्या झोपडीत पोर, माय पहाटेपासून फडात, अंगणवाडी नाही, गरम जेवण नाही, अंगावरचं दूध पिणारं पोर असेल तर ते बांधावर झोळीत. यादीतून गळालेली पोरं कशीही गळत नाहीत भाऊ, ज्यांची अवस्था सगळ्यात नाजूक तीच आधी गळतात, आणि ती गळाली की टक्का आपोआप चांगला दिसतो, कोणी काहीही न करता. वरचा आकडा, म्हणजे किती सुधारले, तो सगळे बघतात. खालचा आकडा, किती जणांमधून, हा शाळेतल्या अपूर्णांकासारखा छेदात बसलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ या छेदात आहे. ऑगस्टमधे २१० म्हटलं ना, मग शेवटपर्यंत २१०च.

आपल्याकडे साक्रीच्या बाजूला पांझरा नदीवर फड पद्धत होती, बंधाऱ्यातून पाट, पाटातून फडाला पाणी, आणि पाणी सोडायला पाटकरी. अशा पाटाचं पाणी पुरलं का नाही हे बंधाऱ्यापाशी उभं राहून कळत नाही, पाटाच्या शेवटी ज्याचं वावर त्याला विचारावं लागतं. तुमचे ते ९२ म्हणजे पाटाच्या शेवटची वावरं आहेत.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाहीच आणि ती मला छेदाइतकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मोजायचा महिना. ऑगस्ट म्हणजे सातपुड्यात सगळ्यात वाईट काळ, घरातलं मागच्या वर्षीचं धान्य संपत आलेलं, नवं अजून शेतात, पाऊस, जुलाब, ताप, रस्ता वाहून गेलेला. फेब्रुवारीत ज्वारी-मका घरात आलेली, आजार कमी. म्हणजे तुम्ही काहीही केलं नसतं तरी ऑगस्टची काही पोरं फेब्रुवारीत हिरव्यात दिसली असतीच. शिवाय पोर सहा महिन्यांनी मोठं झालेलं असतं आणि वय वाढतं तसा दंडघेर थोडा वाढतोच, पण टेपवरची रेघ तीच राहते. आणि ज्यांना सगळ्यात खालच्या मापावरून निवडलं त्यातली काही त्या दिवशी नुसती आजारी होती म्हणून खाली होती, ती बरी झाली की वर येणारच. हे सांगून तुमचं काम कमी लेखायचं नाहीये मला. पण ८७ च्या ८७ पोरं आपल्यामुळे सुधारली असं मनात धरलं असेल तर ते आत्ताच सोडा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी पावसाळ्यात मोजायला लावलं की तुम्हीच गोंधळून जाल.

त्यात त्या पाड्यांवर तुम्ही एकटे थोडेच आहात. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मायांना एक वेळचं पूर्ण जेवण आहे, लहान पोरांना अंडी-केळी आहेत, अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र चालतं, आशा आहे, उपकेंद्र आहे. मग सुधारणा कोणाची? याचं साधं उत्तर मिळत नाही, म्हणून रिपोर्टमधे 'आमच्यामुळे' हा शब्द जपून वापरा आणि तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा. सेविकेकडे वजनकाटा बंद होता तो तुम्ही दुरुस्त करून आणला असेल, भरतीसाठी गाडी केली असेल, मायच्या मागे घरी पोरांना कोण बघणार म्हणून केंद्रात राहायला नको म्हणणाऱ्या घराला समजावलं असेल. ही मधली कडी कोणती ते लिहिता आलं तर टक्क्यापेक्षा ते जास्त पटतं.

तुलना करायचीच असेल तर महाराष्ट्रात आपल्यासमोर उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायचं काम केलं, तेव्हा ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेसाठी, आणि दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. १९९९ मधे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झालेला. त्या कामाचा जोर कुठे आहे बघा, कोणी सुटू द्यायचं नाही या मोजणीत आहे. तुम्हाला २२ पाड्यांवर एवढा मोठा अभ्यास करायची गरज नाही आणि कोणी मागितला तरी लगेच हो म्हणू नका. पण पुढच्या वर्षी नवे पाडे घेणार असाल तर सगळे एकदम सुरू करू नका (तसंही माणसं आणि गाडी पुरत नाहीत). अर्धे जूनमधे घ्या, अर्धे डिसेंबरमधे, पण मोजायचं सगळीकडे एकाच आठवड्यात, मग उशिरा सुरू झालेले पाडे आपोआप तुलनेला मिळतात. फक्त जे पोर लाल निघालं त्याला कुठल्याही पाड्यावर थांबवून ठेवायचं नाही, ते लगेच भरतीला पाठवायचं.

आता मार्चअखेरचं काय. इथे तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी कंपनीच्या ऑफिसात बसून कोणाला सुचणार नाही, होळी. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या आणि होळीच्या दिवसांत तोडीवर गेलेली पुष्कळ घरं पाड्यावर येतात, काही तर चार दिवस येऊन परत जातात. तो आठवडा पूर्ण टीमने पाड्यावरच मुक्काम करा. ९२ ची यादी घ्या, बाजारात टेप घेऊन पोरांच्या मागे फिरू नका, सणाच्या गर्दीत ते बरं दिसत नाही, घरी जा, सकाळी जा. ९२ पैकी समजा ६० जरी भेटली तरी ती ४१ ते ८५ ची फट एकदम आकसते. आणि जे पोर परत लालमधे सापडेल त्याच्या मायला परत जायच्या आत भरतीबद्दल विचारता येईल, जाणारच असेल तर मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव, पडावाचं ठिकाण लिहून घेता येईल. रिपोर्टसाठी नसतं तरी मी हेच करा म्हटलं असतं.

मोजताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. ज्या कार्यकर्तीने त्या पाड्यावर वर्षभर काम केलं तिनेच तिथे शेवटची मापं घेऊ नयेत, पाडे अदलाबदल करा. तिच्यावर अविश्वास म्हणून नाही, तर आपल्याच हाताखालच्या पोराला टेप लावताना हात नकळत सैल पडतो म्हणून. मापं आली की सगळी एका खाली एक लिहून बघा, १२.५ आणि १२.६ वर जर गर्दी दिसली आणि १२.३, १२.४ वर जवळजवळ कोणीच नसेल तर समजून जा की रेघेजवळचे आकडे ढकलले गेलेत, त्या पाड्यावर परत जा. आणि 'हिरवा' एकदा दिसला की बरा झाला असं धरू नका, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा १२.५ च्या वर आला तरच सुधारला म्हणा. याने तुमचे ८७ कदाचित ८० होतील. होऊ द्या.

आया स्वतःहून दवाखान्यात जातात म्हणालात. हे वाचून मला फार बरं वाटलं, आणि त्याला कॉलम नाही हे मला पटत नाही. कॉलम तुम्ही करा. 'जागृती वाढली' असं लिहिलं तर कोणी वाचत नाही, पण तुमच्या रजिस्टरमधे हे असणारच की अमुक महिन्यात किती पोरांना दवाखान्यात जा म्हणून सांगितलं आणि त्यातली किती खरंच पोचली, किती जणांना तुम्ही गाडीत घालून नेलं आणि किती आपापली गेली. ऑगस्ट-सप्टेंबरचे आकडे आणि जानेवारी-फेब्रुवारीचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. आपापली गेलेली वाढली असतील तर ते दिसेल, आणि मला विचाराल तर तुम्ही तिथून निघून गेल्यावरही जे टिकणार आहे ते हेच आहे. नसतील वाढली तर तेही कळू द्या, कारण मग आपल्याला वाटतंय ते दोन-तीन ठळक मायांवरून वाटतंय, असं होतं कधी कधी, मनात त्याच राहतात.

माझ्या बाबतीत हे झालंय. मी एका संस्थेत असताना आम्ही बायकांना शिलाई शिकवायचो, रिपोर्टमधे 'एवढ्या महिला प्रशिक्षित' लिहायचो, आकडा दरवर्षी वाढायचा, फंड यायचा. दीड वर्षाने मी सहज एका गावात गेले तर मशीनवर गोधड्यांची चळत, ती बाई म्हणाली ताई शिवणार होते पण गावात आधीच तीन जणी शिवतात, कपडे कोण देणार मला. हे आम्हाला पहिल्या सहा महिन्यांत कळलं असतं, फक्त कोणी विचारलंच नाही की शिकलेल्यांपैकी आता किती शिवतात. आम्हाला मोजायचं ते फंड देणाऱ्यासाठीच मोजायचं एवढंच माहीत होतं. तेव्हापासून मला वाटतं की मोजलेल्या आकड्याचा पहिला मालक तुम्ही असायला पाहिजे, तो बघून उद्या सकाळी कुठल्या पाड्यावर जायचं हे बदलत नसेल तर तो आकडा कशाला गोळा करायचा.

सरांशी बोलायचं तर 'तुम्ही खोटं लिहायला सांगता' असं सुरू करू नका, तिथेच गाडी अडेल. त्यांच्या डोक्यावर सहा पगार आहेत, ती काळजी खरी आहे. त्यांना असं म्हणा की सर, यंदा ७४ लिहिलं तर पुढच्या करारात टार्गेट ८० चं येईल, आणि कंपनीचा माणूस पावसाळ्यात पाड्यावर आला तर आपल्याकडे उत्तर काय? मग तयार परिच्छेद पुढे ठेवा. साधारण असा: 'ऑगस्टमधे २१० मुलं कमी दंडघेराची आढळली. त्यातली इतकी आम्ही फेब्रुवारी-मार्चमधे परत मोजली, इतकी हिरव्यात आली. इतकी मुलं कुटुंबासोबत स्थलांतरित आहेत, इतक्यांचं वय पूर्ण झालं, इतकी दगावली, इतक्यांचा पत्ता लागला नाही. दोन मोजण्यांचा हंगाम वेगळा असल्यामुळे सुधारणेचा काही भाग हंगामाचा आहे. पुढच्या ऑगस्टमधे त्याच पाड्यांवर मोजणी करून खरी तुलना देऊ.' यात ७४ पण लिहा, 'परत मोजलेल्या ११८ पैकी' हे शब्द त्याला चिकटवूनच. हे शब्द असतील तर तो आकडा खोटा नाही. एवढं करूनही सर म्हणाले की ते शब्द काढ, तर सही त्यांची असू द्या आणि तुमची पूर्ण यादी तारखेसह तुमच्याकडे जपून ठेवा.

काही वर्षं मी असे रिपोर्ट वाचायच्या बाजूलाही बसलेय. ९८ टक्के, १०० टक्के असे रिपोर्ट ढिगाने यायचे आणि लक्षातही राहायचे नाहीत. ज्यात लिहिलं असायचं की इतके लोक आम्हाला सापडले नाहीत आणि का सापडले नाहीत, ते लोक पाड्यावर खरंच गेलेत हे कळायचं. सगळे फंड देणारे असा विचार करत नाहीत, काहींना फक्त हिरवा रंग पाहिजे असतो, ते मी लपवणार नाही, आणि तुमची कंपनी त्यातली निघाली तर प्रोजेक्ट जाऊ शकतो. म्हणून रिपोर्टच्या दिवशी धक्का देऊ नका, त्याआधी त्यांच्या सीएसआरवाल्या माणसाला फोन करा, ९२ ची यादी समोर घेऊन पंधरा मिनिटं बोला. यादी नसताना बोललं तर तीच गोष्ट बहाण्यासारखी ऐकू येते.

त्याच फोनमधे आणखी एक मागा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपन्यांना सीएसआर लागू आहे त्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, हिशोब आर्थिक वर्षाचा, म्हणून तुमचा रिपोर्ट मार्चचा. आणि मार्च म्हणजे ऊसतोडीचा हंगाम अजून चालूच, होळीचे ते चार दिवस सोडले तर पाडे अर्धे रिकामे. त्यांचं वर्ष आणि आपल्या पोरांचं वर्ष जुळतच नाही हो. पण २०२१ मधे दुरुस्त झालेल्या सीएसआर नियमांमधे 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे, सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे ३ वर्षांपर्यंत प्रकल्प चालवता येतो, आणि आधी एक वर्षाचा मंजूर झालेला प्रकल्पही योग्य कारण दिलं तर त्यांचं संचालक मंडळ वाढवू शकतं. तुमच्याकडे योग्य कारण आहे, ऑगस्ट ते ऑगस्ट तुलना. बाहेरच्या संस्थेकडून करायचं इम्पॅक्ट असेसमेंट (कामाचा खरंच परिणाम झाला का याची तपासणी) कायद्याने सक्तीचं आहे ते सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर देणं लागणाऱ्या कंपन्यांना, आणि तेही १ कोटी किंवा जास्तीच्या प्रकल्पांना, तुमच्या पत्रावरून तुमचा प्रकल्प त्यात बसेल असं वाटत नाही, म्हणजे कोणी त्याची भीती घातली तर घाबरू नका. मोजणीसाठी मात्र बजेटमधे वेगळी ओळ मागा, टेप, गाडी, होळीच्या आठवड्याचा मुक्काम, दिवाळीनंतर एकदा पडावांवर जाऊन यायचा खर्च. आणि पुढच्या करारात टार्गेट लिहिताना छेद लिहून घ्या, 'ऑगस्टमधे नोंदलेल्या सर्व मुलांपैकी'. मग तुमचा ७० टक्के कदाचित ५५ वर येईल, पण तोडीवर गेलेलं पोर शोधायला जाणं हे तुमचं कामच होईल, आज ते शोधणं टक्क्याच्या विरोधात जातं.

होळीला फार दिवस नाहीत. ९२ नावं दोन वह्यांत उतरवा, एक तुमच्याकडे एक सेविकेकडे, पाड्याप्रमाणे, मायच्या नावासकट कारण पोराचं नाव घरी वेगळं आणि रजिस्टरवर वेगळं असतं. आणि ज्या पोरासमोर 'पत्ता नाही' लिहावं लागेल तिथे शेजारच्या घरी विचारल्याशिवाय तसं लिहू नका.